तापानंतरचं पनवेल

आधी कबूल करून टाकते. पनवेलचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. लोक पनवेलवरून जातात. कोकणात जाणारे तिथं वडापाव खातात, पुण्याकडं निघालेले पाय मोकळे करतात, आणि मग खऱ्या गावाला जातात. मी मात्र वाईहून निघून थेट पनवेललाच गेले, अकरा दिवस राहिले, आणि लोक हिमालय बघून येतात तशी बडबडत परत आले. आमच्या आळीतल्या बायकांना सगळं तीन-तीनदा सांगून झालंय. आता त्या मला लांबून बघितलं की दार लोटून घेतात, म्हणून लिहून काढते.

मी सुमन. वय चोपन्न, लग्न केलं नाही, आणि बत्तीस वर्षं एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते आहे. घरात मला सावकाशमावशी म्हणतात. हे नाव भाच्यांनी ठेवलं, पण त्यांची चूक नाही. मी चहा गार करून पिते. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं दोन-दोनदा बघते आणि मग म्हणते, जाऊ दे, अलीकडच्याच दुकानातून घेऊ. साताऱ्याच्या पलीकडं एकटी कधी गेले नव्हते.

दिवाळी झाली आणि गावात तापाची साथ आली. शाळा निम्मी ओस पडली. मलाही ताप आला, घसा धरला, नऊ दिवस अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, आराम करा. आराम केला. ताप गेला आणि पंधरा-वीस दिवसांनी मला भूक लागायला लागली. साधी नव्हे हो! सकाळी चार पोळ्या, अकराला शेंगदाण्याचा लाडू, दुपारी ताट, तीनला परत ताट. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तोंडाला चव आली, आता काळजी नाही. तापानं खाल्लेलं भरून निघतंय." आमच्याकडं आजारी माणूस जेवायला लागलं की घरातले देवापुढं साखर ठेवतात. काकूंनीही ठेवली.

आणि नुसती भूक नाही, उत्साह! पहाटे चारला टक्क जाग. कपाटं आवरून झाली, माळा झाडून झाला, ग्रंथालयाची अकरा वर्षं रखडलेली यादी आठ दिवसांत पुरी केली. मुख्याध्यापक म्हणाले, "सुमनताई, तुम्हाला काय झालंय तरी काय?" काय झालंय ते मलाही माहीत नव्हतं, पण जे झालं होतं ते मला भयंकर आवडलं होतं. इतकी वर्षं ही बाई कुठं बसली होती, असं मी आरशालाच विचारलं. त्यात जानेवारीत भाचीचं लग्न निघालं. शैलाचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला, "ताई, तुला न्यायला कुणाला पाठवू?" मी म्हटलं, "कुणाला नको. येते मी एकटी."

पलीकडून शैलानं दोनदा विचारलं, "कोण बोलतंय?"

विचुंबे

एसटीचा प्रवास सांगत बसत नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणून मागच्या बाईशी माझं भांडण झालं, एवढंच. ती शालीत गुरफटलेली आणि मला जानेवारीत घाम!

शैला राहते विचुंब्याला, नवीन पनवेलला लागून. एका बाजूला जुनं गाव, देऊळ, अंगणात वाळत घातलेले पापड, आणि त्याच्या डोक्यावर पंधरा-पंधरा मजली इमारती. आमच्या वाईत पाहुणा आला की दार उघडंच असतं. तिथं आधी वॉचमनकाकांना आपण कोण, कुणाकडं, कशासाठी हे सगळं सांगावं लागतं. "अकराव्या मजल्यावर, शैला माझी सख्खी बहीण," म्हटलं. काकांनी मान हलवली आणि इंटरकॉमचं बटण दाबलं. ते बटण आत जाऊन बसलं, बाहेर येईना! वर शैलाच्या घरात बेल वाजतेय, वाजतेय, थांबतच नाही. तिला वाटलं इमारतीला आग लागली. ती कणकेच्या हातांनी, अनवाणी, अकरा मजले जिन्यानं उतरून खाली आली. आगीत लिफ्ट वापरू नये हे तिला पाठ आहे.

मला बघून ती आग विसरली. "अगं बाई! केवढी बारीक झालीस! आणि डोळे बघ कसे चमकतायत!" मी तिथंच गोल फिरून दाखवलं. ऋतुजा, म्हणजे आमची नवरी मुलगी, मागनं धावत आली आणि म्हणाली, "मावशी, कुठला डाएट गं? मला लग्नाआधी सांग ना, प्लीज." मी म्हटलं, "नऊ दिवस ताप आणि मग दिवसाला चौदा पोळ्या." तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

दोन दिवसांत मी ते घर पालथं घातलं. पत्रिका वाटल्या, रुखवताची उतरंड रंगवली, अक्षतांच्या पुड्या बांधल्या. पंखा पाचावर, आणि बाकी सगळे स्वेटरमध्ये. शैलाचे यजमान विलासराव जासईला कंटेनर यार्डात असतात, अबोल माणूस. ते रोज संध्याकाळी यायचे, माझ्याकडं बघायचे, पंख्याकडं बघायचे आणि मुकाट्यानं मफलर गुंडाळायचे.

ठमाबाईंची पोपटी

सोसायटीच्या फाटकाशी ठमाबाई भाजी विकायला बसतात. विचुंब्याच्याच, आगरी. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती कधीकाळी त्यांच्या सासऱ्याची भातखाचरं होती. शैला अकराव्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडते आणि ठमाबाई त्यात वांगी टाकतात. ही पद्धत मला इतकी आवडली की मी गरज नसताना तीनदा मिरच्या मागवल्या. तिसऱ्या वेळी ठमाबाईंनी वर मान करून हाक मारली, "आवो बाय, मिरच्या किती खातीस? संध्याकाळी पोपटी हाय आमच्याकं, ये खाली!"

आमच्याकडं हिवाळ्यात हुरडा, तशी यांच्याकडं पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ, वरून परत पाला. तोंड बंद करून मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. दिवस मावळायला सगळे शेकोटीभोवती जमले. ठमाबाईंनी मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, चर्र झालं, आणि त्या म्हणाल्या, "झाली!" त्या पाल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. थोडा ओवा, थोडा धूर, आणि काहीतरी रानातलं.

मी किती खाल्लं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की ठमाबाईंचे दीर आपली पत्रावळ माझ्यापासून जरा लांब सरकवून बसले.

"खा, खा. लाजू नको. पोपटीला आमी मानूस मोजत नाय," ठमाबाई म्हणाल्या. मग माझ्या मनगटाकडं बघून शैलाला म्हणाल्या, "पन काय गो, इतका खातंय आनि आंगाला काय लागत नाय? जातंय कुठं?"

सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले.

कर्नाळा

कर्नाळ्याला ऋतुजाच्या मैत्रिणी निघाल्या होत्या, लग्नाआधीची शेवटची सहल म्हणून. मी विचारलं, "मी येऊ?" पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. सावकाशमावशी म्हणजे पार्किंगलाच बसून राहील, बॅगा सांभाळेल, असा हिशेब करून हो म्हणाल्या.

अहो, मी त्यांच्या पुढं! साडी खोचली आणि निघाले. वाटेत करवंदीच्या जाळ्या, कुठंतरी लांब एक पक्षी सारखी शीळ घालत होता, आणि झाडांमधून मधेच तो किल्ल्याचा उभा सुळका दिसायचा, कुणीतरी आकाशाला अंगठा दाखवतंय असा. पोरी दर वळणावर बसत होत्या. मी बसेचना. छातीत धडधड धडधड, पाय थरथर, आणि तोंडानं मी मात्र चल रे भोपळ्या टुणुक टुणुकची गोष्ट सांगत होते. वर पोचले तेव्हा लांबवर धुरकट खाडी दिसली आणि न्हावा शेवा बंदराच्या क्रेन, रांगेत उभ्या. माझं काळीज कानात वाजत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी गडावर सगळ्यांच्या आधी पोचले होते, आणि मला रडू आलं, खरंच सांगते, आनंदानं.

खाली उतरल्यावर पार्किंगला जायला एक जिना चढायचा होता, चार पायऱ्यांचा. तिथं माझ्या मांड्यांनी साफ नकार दिला. कठडा धरून ओढत वर गेले. "वय झालं," असं मी त्या पोरींना म्हटलं आणि विसरून गेले.

पनवेलचा बाजार

जुन्या पनवेलच्या बाजारात शिरलात की नवीन पनवेल खरं वाटत नाही. अरुंद गल्ल्या, सुक्या मासळीचा वास, शेजारी अत्तराचा, त्याच्या शेजारी उदबत्तीचा. शैला बांगड्या नेहमी जैबुनआपांकडं भरते, म्हणून नवरीचा हिरवा चुडाही तिथंच. आपा कोकणी मुसलमान, सत्तरीच्या, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि त्यांच्या दुकानात दोनच माणसं मावतात. एक आपा, आणि एक बांगड्या भरून घेणारी. बाकीच्यांनी पायरीवर बसायचं.

ऋतुजाचा चुडा भरून झाला. शैला म्हणाली, "आपा, आता माझ्या ताईला भरा."

माझं माप वर्षानुवर्षं दोन-सहा. आपांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. बांगडीवाल्या बायकांचं ते एक कसब असतं. अंगठ्याचं हाड मुडपून हात असा काही लहान करतात की आपला आपल्याला ओळखू येत नाही. त्यांनी पहिली बांगडी चढवली आणि ती सर्रकन थेट कोपराकडं गेली. आपा थांबल्या.

"हात सैल सोडा, ताई."

"सैलच आहे हो."

"मग हालतो का?"

दुसरी चढवताना फुटली. म्हणजे वाढली, आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत. तिसरीही वाढली. पुढच्या तीन कशाबशा चढल्या. मी ओशाळले. आपांनी काचा बाजूला केल्या आणि माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर उताणे ठेवले. "आता काय करू नका. बसा नुस्त्या." मी बसले. मी बसल्याचं मला वाटत होतं हो! पण मनगटातल्या चार बांगड्या आपोआप किणकिणत होत्या. बारीक, सारख्या. पायरीवरची शैला वाकून बघायला लागली.

"पन्नास वर्षं मी बायांचे हात धरते," आपा म्हणाल्या. "जानेवारीत असा गरम, ओला हात नसतो कुणाचा. माझी भावजय कतारहून आली ना, तिचे हात असेच होते. खायची पोटभर आणि सुकत चाललेली. गळ्याचं दुखणं निघालं, ते थायरॉईड. डॉक्टरकडं जा, ताई. लग्नानंतर नाय, आधी."

मी म्हटलं, "आपा, मला काही होत नाही. उलट इतकी बरी मी जन्मात नव्हते!"

"ती पण असंच म्हणायची," त्या म्हणाल्या.

मग मी दोन-चारच्या मागितल्या, हातात बसणाऱ्या. तर आपा देईनात! "दोन-सहाच घाला. आता ढिल्या होतील, होऊ द्या. बऱ्या झाल्या की बसतील. नाय बसल्या तर इथं घेऊन या, बदलून देते, जबान देते." भरलेल्या बांगड्या बदलून देणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. शैलानंही नव्हती. डझनभर ढिल्या बांगड्या घेऊन मी पायरीवरून उतरले, खळखळ वाजत, आणि समोरच्या हातगाडीवर दोन वडापाव खाल्ले.

गोळी

आता आमच्या घराण्याची अक्कल ऐका.

शैलाला थायरॉईड आहे, नऊ वर्षं. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक पांढरी गोळी, मग अर्धा तास चहा नाही. त्या अर्ध्या तासात तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरात नियम आहे. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "थायरॉईडच असेल तर एवढं काय! गोळी माझ्याकडं आहेच की. लग्न सहा दिवसांवर आलंय, डॉक्टरकडं रांग लावायला वेळ कुणाला आहे? तू माझीच घे." मलाही ते पटलं. आमच्याकडं बहिणी-बहिणी साड्या वाटून घेतात, चपला वाटून घेतात. लहानपणी खोकल्याचं औषध एकाच चमच्यानं घेतलं. मग गोळीत काय?

तीन सकाळी आम्ही दोघी बाल्कनीत पाण्याचे पेले घेऊन शेजारी शेजारी बसलो, चहाची वाट बघत. डोक्यावरून विमान गेलं, खाली पेलोडरनं माती उपसली, आणि आम्ही गोळीला मान देऊन गप्प. मला फार मजा वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हळदीकुंकवाच्या पुड्या बांधत होते. ऋतुजा आपलं नवीन घड्याळ दाखवत होती, मनगटावर नाडी मोजणारं. "तुला घालून बघू," म्हणून तिनं ते माझ्या हातात बांधलं. घड्याळानं क्षणभर विचार केला आणि थरथरलं. ऋतुजानं वाचलं, "तुम्ही व्यायाम करत आहात असं दिसतं. छान! चालू ठेवा."

मी पुडी बांधत होते!

"मावशी, एकशे बेचाळीस," ती म्हणाली. आधी हसली, मग हसायची थांबली. मी म्हटलं, अगं चुकलं असेल, विलासरावांना घाल. विलासरावांचे अडुसष्ट निघाले. परत मला घातलं, एकशे सेहेचाळीस. विलासराव उठले, मफलर काढला आणि गाडीची किल्ली घेतली. त्या घरात मी ऐकलेलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य ते, "ताई, चपला घाला."

डॉक्टरीणबाई नवीन पनवेलच्या, तरुण, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी हात पुढं करायला सांगितलं, बोटांवर कागद ठेवला, तो फडफडला. गळा चाचपला, डोळे पाहिले, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. "सध्या काही औषध चालू?"

मी शैलाकडं बघितलं. शैला फरशीकडं बघत होती.

"बहिणीची गोळी," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बहिणीची ग्रंथी झोपलेली आहे, तिला उठवायला ती गोळी. तुमची ग्रंथी आधीच उधळलीय. पेटलेल्या गाडीत पेट्रोल ओतलंत तुम्ही, तीन दिवस! हृदयाचे ठोके चुकायला लागले असते तर लग्न कुणाचं आणि धावपळ कुणाची?"

शैला जी रडायला लागली, ती आवरेना. "मी मारली असती गं तुला," म्हणत होती. मी तिची पाठ थोपटत होते आणि माझ्या बांगड्या तिच्या पाठीवर वाजत होत्या. त्या आवाजाची मला पहिल्यांदा भीती वाटली.

रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आले, एक मागाहून आला, सगळ्यांचं म्हणणं एकच. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आपल्या शरीराचे राखणदारच स्वतःच्या थायरॉईडवर उलटलेत. ते तिला मारत नाहीत, तिची बेल दाबून धरतात, आणि ती बिचारी कामाला लागते, थांबतच नाही. मला वॉचमनकाका आठवले, अनवाणी शैला आठवली, आणि त्या गंभीर खोलीत मी फिसकन हसले.

"तापाबद्दल सांगा," त्या म्हणाल्या. मी नऊ दिवसांचं सगळं सांगितलं. "असू शकतं," त्या म्हणाल्या. "विषाणू येतो, राखणदार जागे होतात, तो गेल्यावरही काहींचा संशय जात नाही. पण त्या तापामुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. तुमच्या बहिणीलाही ग्रंथीचंच दुखणं आहे, म्हणजे फटाक्याची दारू घराण्यात भरलेली होती. वात तापानं लावली असेल, नसेलही. त्याच साथीत शेकडो लोक तापले आणि नुसते बरे झाले."

म्हणजे ती भूक, ज्यासाठी काकूंनी देवापुढं साखर ठेवली, ती बरं होण्याची नव्हतीच. तो आजारच पानावर बसून जेवत होता.

गोळ्या दोन. एक ठोके आवरणारी, लगेच. दुसरी ग्रंथीला आवरणारी, सावकाश, वर्ष-दीड वर्ष. मी चिठ्ठी घेतली, पण उठेना. मग विचारलंच. "डॉक्टर, हा उत्साह, हे हसणं, मी एकटी आले, गड चढले, हे सगळं त्या ग्रंथीनं केलं? गोळ्या घेतल्या की मी परत सावकाशमावशी?"

त्यांनी चष्मा काढला. "ते मला रक्तात दिसत नाही हो," त्या म्हणाल्या.

लग्न

खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी गोळी हातात घेऊन मी बराच वेळ बाल्कनीत बसले होते. चोपन्न वर्षांनी एक बाई भेटली होती मला, धीट, खादाड, खदखदा हसणारी. तिला मी आपल्या हातानं घालवणार होते. शैला बाहेर आली, शेजारी बसली. तिनं पेला पुढं केला. मी तिच्यासाठी घेतली ती गोळी, माझ्यासाठी नाही.

ठोके उतरले. दोन दिवसांत हाताचं फडफडणं कमी झालं, घाम थांबला, आणि मी पंखा दोनवर आणला. विलासरावांनी मफलर धुवायला टाकला. लग्नाच्या दिवशी मला पुढच्या रांगेत खुर्चीत बसवलं, उठायचं नाही अशी ताकीद देऊन. ऋतुजानं बोहल्यावर चढायच्या आधी घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. मी बसले. हॉल भरलेला, सनई लावलेली, आणि आत सगळं कसं सपाट, शांत. गेली बाई, असं माझ्या मनात आलं. गेली ती.

आणि नवरदेव येईना! त्यांची मंडळी उरणची. मुहूर्त अकरा बावीसचा. विलासरावांच्या फोनवर बातमी आली की वऱ्हाडाची बस जासईजवळ ट्रेलरांच्या रांगेत अडकलीय, पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधे नवरदेव. जे विलासराव आयुष्यभर त्या कंटेनरांची नोंद ठेवत आले, त्यांच्याच जावयाला कंटेनरनं अडवलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले, मंडळी चुळबुळायला लागली, कुणीतरी सनई बंद केली.

तेव्हा आमच्या शैलाला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं माईक घेतला. तिनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक होतं, एकच कडवं. ते म्हटलं. परत म्हटलं. तिसऱ्यांदा लोक हसायला लागले तशी ती तिथल्या तिथं नवीन रचायला लागली. जावईशी जासई जुळवलं, ट्रेलरशी डोअरबेल, वृत्त तर कधीच गाढी नदीत वाहून गेलं होतं, आणि प्रत्येक कडव्याला ती इतक्या गंभीरपणे "शुभमंगल सावधान" म्हणत होती की पाचशे माणसं नवरदेव नसलेल्या बोहल्यावर अक्षता टाकत होती! मागच्या रांगेतून ठमाबाई ओरडल्या, "टाका, टाका! नवरा येल तवा येल, अक्षता हाय!"

मला हसू फुटलं. खालून, पोटातून. थांबेचना. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात, शेजारची बाई घाबरून पाणी आणायला उठली. आणि हसता हसता माझी नजर मनगटावर गेली.

ब्याऐंशी.

मी डोळे पुसून परत बघितलं. ब्याऐंशी. ठोके आवरलेले, काळीज जागेवर, हात स्थिर, आणि मी मरेस्तोवर हसतेय. म्हणजे हे माझं होतं! मी तिथंच ओक्साबोक्शी रडायला लागले, हसत हसत. लोकांना वाटलं भाचीची पाठवणी मनाला लागलीय. नवरदेव बारा वाजता कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, मुंडावळ्या हातात धरून आला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. खुर्चीत बसूनच.

वाई

परत आले त्याला चार महिने झाले. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला रक्त तपासतात, आकडे जागेवर येतायत. ताप आला, घसा दुखला तर लगेच कळवायचं असं बजावलंय, ते मी करते. शैला सकाळी तिची गोळी घेते, मी माझी, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही फोनवर बोलतो. घरातला नियम मोडला.

मी परत सावकाश झालेय का? काही बाबतीत, हो. पहाटे चारला जाग येत नाही, चौदा पोळ्या जात नाहीत. चहा परत गार करून पिते, तो मला तसाच आवडतो हे कळलं. पण येत्या हिवाळ्यात पोपटीला येणार म्हणून ठमाबाईंना सांगून ठेवलंय, आणि तिकीट एकटीचंच काढणार आहे. हे इतकं लांबलचक लिहिणंही सगळं गोळी घेऊन, शांत नाडीनं केलेलं आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मागच्या आठवड्यात साबण लावून बघितलं तर बांगड्या निघेनात. दोन-सहाच्या, जैबुनआपांच्या. मनगटात नीट बसल्यात. मी लगेच आपांना फोन लावला. "आपा, बदलायला येत नाही," म्हटलं.

त्यांनी आधी दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाल्या, "अल्लाचे उपकार. आता हात हालवून दाखवा, मला ऐकू द्या."

आता मी ग्रंथालयात बसते तेव्हा हात टेबलावर स्थिर असतात आणि बांगड्या गप्प. भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी आहे, बत्तीस वर्षांपूर्वी मीच लावलेली. मधेच मी मुद्दाम हात हलवते. पोरं पुस्तकातून मान वर करून बघतात. मी पुन्हा एकदा वाजवते.